चौथ्या होलची घंटा

१

मर्डो गेडिस चौथ्या ग्रीनच्या कडेला, घंटेच्या खांबापाशी मरून पडला होता आणि वॉटी रेनी त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसला होता. मर्डोच्या डाव्या कानशिलावर जखम होती. वॉटीच्या मुठीत गोल्फचा चेंडू होता. सार्जंट मॉरा टेलफरने हात पुढे केला, तरी ती मूठ उघडेना.

"माझाच आहे," तो म्हणाला. "लिहून घे, पोरी. मी मारलं त्याला."

"कुठे होता चेंडू?"

"त्याच्या डोक्यापाशी. वीतभर अंतरावर."

क्रेगलार्नचं हे मैदान लहान आहे. जंगलात झाडं राखून कोरलेले नऊ होल, कुणीही यावं आणि खेळावं असे. त्यातला चौथा आंधळा. जिथून चेंडू मारायचा त्या चौथऱ्यावरून फक्त नेच्यांनी भरलेला उंचवटा दिसतो. ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ, त्याच्या पलीकडे, खोलगट जागेत, सुईसारखे काटे गाळणाऱ्या लार्चच्या झाडांनी घेरलेलं. पलीकडे कुणी आहे का, हे अलीकडून कळत नाही. म्हणून आपलं खेळून झालं की पाचव्याकडे निघताना घंटेची दोरी ओढायची. घंटा वाजली म्हणजे वाट मोकळी. ती ऐकल्याशिवाय मागच्याने मारायचं नाही. हे मॉराला शिकवलं होतं ते मर्डोनेच, ती बॅगेपेक्षा जेमतेम उंच होती तेव्हा.

"वॉटी, तुम्ही घंटा न ऐकता मारलंत?"

त्याने प्रथमच मान वर केली. म्हाताऱ्या सुताराचा तो रुंद चेहरा एका सकाळीत आत गेल्यासारखा दिसत होता.

"जन्मात कधी मारलंय? घंटा झाली. अगदी स्वच्छ ऐकली. म्हणून तर मारलं."

मॉराने पुन्हा पाहिलं. निशाण होलमध्ये परत नीट उभं केलेलं होतं. मर्डोचा चेंडू त्याच्या कोटाच्या खिशात होता. म्हणजे त्याचा होल खेळून संपला होता. घंटेची डांबर लावलेली दोरी एरवी खिळ्याला गुंडाळलेली असते; ती आज सुटून जमिनीपर्यंत लोंबत होती.

घंटा वाजवून माणूस निघून जातो. मर्डो गेला नव्हता. आणि तो अजून तिथेच असताना कुणीतरी मागच्याला सांगितलं होतं, की वाट मोकळी आहे.

२

दुपारपर्यंत गावाने दोन निकाल लावून टाकले. पहिला, की वॉटीने आदल्या दिवशीचं भांडण चेंडूने मिटवलं. दुसरा, की घंटा वनरक्षक केनी अर्कर्टने वाजवली. मर्डोशी त्याचं वैर होतंच.

वॉटीच्या स्वयंपाकघरात चूल थंड होती. शेजारणीने आणून ठेवलेल्या सूपवर साय धरली होती.

"भांडण कशावरून?" मॉराने विचारलं.

"तुला ठाऊक आहे."

"तुमच्या तोंडून हवंय."

तो टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला. "सातव्यावर त्याचा चेंडू बीचच्या झाडाच्या मुळात अडकला होता. मारण्याआधी त्याने पायाने सरकवला. माझ्यासमोर. मी म्हटलं, मर्डो, पाय लागला तुझा. तो म्हणाला, नाही लागला. तोंडावर सांगतो, नाही लागला! मग मी काय ते बोललो. पहिल्या होलच्या झोपडीपाशी, चार माणसांत."

"काय बोललात?"

"चोर म्हटलं."

या मैदानावर माणसाला दारुडा म्हटलं तर तो हसतो. हा शब्द कुणी वापरत नाही.

"शाळेपासून बरोबर खेळतोय आम्ही," वॉटी म्हणाला. "आज सकाळी तो एकटाच पुढे गेला. मी झोपडीपाशी पावाच्या गाडीवाल्याकडून रोल घेतले, ते बॅगेत टाकले आणि मग निघालो. म्हटलं, जाऊ दे पुढे."

"चौथ्याच्या चौथऱ्यावर पोचलात आणि घंटा झाली?"

"बॅग खाली ठेवतोय तोच."

"पलीकडे गेल्यावर काय दिसलं?"

"तो. डाव्या कुशीवर. मी बसलो. हाका मारल्या. त्याच्या कोटावर लार्चचे पिवळे काटे पडले होते, ते झाडले. खांदा, बाही, सगळं भरलं होतं. मर्डोला असलं खपायचं नाही, माहीत आहे ना? त्याची बायको सांगते, झोपतानाही भांग पाडतो." तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. "मग केनी आला, माझ्या हाका ऐकून. तोवर सगळं झालं होतं."

मॉरा उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला जाणवलं, की वॉटीने आत्ता जे सांगितलं, ते त्याच्या स्वतःच्या कबुलीशी जुळत नाही.

३

मर्डोची बायको नेटी गेडिस ओढ्यापलीकडे राहत होती, चौथ्या ग्रीनच्या अगदी मागे. घरात बायकांची गर्दी होती. मॉराला पाहून नेटीने सगळ्यांना हाकललं.

"जा गं बायांनो, केक मी काही एकटी संपवत नाही, उद्या या." आणि दार लागल्यावर ती म्हणाली, "माझा दम घोटला होता. बस. चहा घेणार? घे, मलाही हाताला काम होईल."

चहा ओतताना तिचा हात स्थिर होता. बशी मात्र ती ठेवायला विसरली.

"नेटी, सकाळी घंटा ऐकलीस?"

"रोज ऐकते. त्याची घंटा झाली की मी ओट्सची लापशी चुलीवर चढवते. पुढचे पाच होल पळत संपवतो तो, भुकेने. आजही झाली. पावाची गाडी दारात होती. मी गाडीवाल्या पोराला म्हटलं सुद्धा, आमचा म्हातारा आज वेळेवर आहे."

मॉराने कप खाली ठेवला. "गाडी तुझ्या दारात होती? खात्री आहे?"

"अगं, हातात पाव होता माझ्या."

ती गाडी नेटीच्या दारातून निघाली की उतार उतरून झोपडीपाशी जाते. आणि तिथे वॉटीने रोल घेतले, खेळ सुरू करण्याआधी. मग नेटीने ऐकलेली घंटा आणि वॉटीने ऐकलेली घंटा एक असूच शकत नव्हती. त्या दोन घंटांच्या मध्ये वॉटीचे तीन होल खेळून झाले होते. कुणीतरी खोटं बोलत होतं, किंवा घंटा दोनदा वाजली होती.

"काल तो कसा होता? भांडणानंतर?"

"गप्प. जेवला नाही नीट. मी म्हटलं, वॉटीला ओळखत नाहीस का, सकाळी येईल तोंड पाडून. तर म्हणाला, नेटी, खरंच नाही लागला गं पाय. रात्री वर जाताना जिन्यात त्याची सपात निघून पडत होती. डाव्या पायातली. दोनदा पडली. मी हसले त्याला. म्हटलं, म्हातारा झालास, पाय उचल."

तिने मॉराकडे पाहिलं.

"वॉटीला मी काय म्हणू, मॉरा? उद्या दफन आहे. तो दारात उभा राहिला तर मी काय करू? मला एवढंच सांग, त्याच्या चेंडूने गेला का माझा माणूस?"

"संध्याकाळपर्यंत सांगते," मॉरा म्हणाली. असं वचन ती एरवी कुणाला देत नसे.

४

केनी अर्कर्ट करवत पुसत होता. त्याच्या मागे तोडलेल्या लार्चची रास होती. कापलेल्या खोडांचा ओला, गोडसर वास सगळीकडे भरला होता. झाडांना रोग लागला होता. तो पसरू नये म्हणून केनीला ती तोडायचा हुकूम होता. चौथ्या ग्रीनभोवतीची राहिली होती, कारण मर्डोने त्यांच्यासाठी गावभर सह्या गोळा केल्या होत्या.

"आलीस?" केनी म्हणाला. "बेड्या आणल्यास की माझी दोरी वापरणार?"

"घंटा तू वाजवलीस?"

"झाडासाठी माणूस मारीन मी? मॉरा, मला झाडं तोडायला आवडतं असं वाटतं तुम्हा लोकांना. मर्डो मला खाटीक म्हणायचा. भर दुकानात."

"मग?"

"मग काय? मी म्हणायचो, गुड मॉर्निंग मर्डो. तो म्हणायचा, काय खाटिका, आज किती? असं चालायचं आमचं." त्याने फडकं खिशात कोंबलं. "आता कोण म्हणणार?"

मॉरा त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसली.

"सकाळी करवत चालू होती. काही ऐकू आलं असेल का तुला?"

"चालू असताना नाही. चहाला बंद केली तेव्हा घंटा ऐकली. एकदाच. जरा विचित्र वाजली."

"म्हणजे?"

"अर्धी. दोरी ओढून मध्येच सोडल्यासारखी. म्हटलं, असेल कुणी नवखा पाहुणा."

"वॉटी तेव्हा कुठे होता?"

केनीने उताराकडे बोट केलं. इथून पहिले दोन होल झाडांच्या फटींतून दिसत होते. "तिथे. दुसऱ्या ग्रीनवर. नुसता उभा होता. खेळतही नव्हता. मला वाटलं, पाठ धरली असेल म्हाताऱ्याची."

"मागे-पुढे आणखी कुणी?"

"चिटपाखरू नाही."

नेटीची घंटा, वॉटी निघण्याआधीची. केनीची घंटा, वॉटी दुसऱ्यावर असतानाची. आणि वॉटीची, चौथ्याच्या चौथऱ्यावरची. मैदानावर दोनच माणसं, त्यांतला एक घंटेपासून दूर, आणि तरी घंटा तीनदा वाजली होती. कुणीच खोटं बोलत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मॉराला पहिल्यांदाच भीती वाटली.

५

ती एकटीच चौथ्या ग्रीनवर गेली. सकाळपासून तिथे कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं.

उंचवट्यावरून येणारा चेंडू आभाळातून सरळ खाली पडतो आणि ओल्या ग्रीनवर बोटाच्या पेराएवढी खोक पाडतो. ग्रीनवर पोचलेल्या माणसाने आधी वाकून आपली खोक बुजवायची, मग पुढचं खेळायचं. मर्डो स्वतःची तर बुजवायचाच, पण दुसऱ्याची राहिलेली दिसली तरी बडबडत बुजवायचा. त्याचा होल खेळून झाला होता. त्याची खोक राहिली असणं शक्य नव्हतं.

मॉराने गुडघे टेकले. ग्रीनच्या मधोमध एक खोक उघडी होती. कडा अजून ताज्या. तिच्यापासून घंटेच्या खांबाकडे जमीन हलका उतार घेत होती.

वॉटीचा चेंडू इथे पडला होता आणि घरंगळत कडेला गेला होता. वाटेत तो कुणाच्या डोक्याला लागला नव्हता. लागला असता तर इथे ही खोक नसती.

मर्डो चेंडूने पडला नव्हता. मग केव्हा पडला? लार्चचे काटे एका क्षणात माणसाच्या कोटावर साचत नाहीत. वॉटीने ते झाडले होते, खांद्यावरून, बाहीवरून. चेंडू मारून पलीकडे यायला लागतो तेवढ्या वेळात दोन-चार पडले असते. कोट भरायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो तिथे पडून असावा लागतो.

खांबाच्या बुडाशी एक गोल, झिजलेला दगड पुरलेला होता. त्याच्या बाजूला, गवतात, काळपट डाग होता. डावं कानशील. डावी सपात. डावा पाय, ज्याने चेंडू सरकवला आणि जो लागला नाही असं मर्डो शपथेवर सांगत होता. त्याला खरंच कळलं नव्हतं. पाय त्याचा राहिला नव्हता.

खिशातला फोन उंचवट्यावर आल्यावर वाजला. शवविच्छेदन करणारी डॉक्टर सिमिंग्टन.

"मेंदूत रक्तस्राव," ती म्हणाली. "खोलवर, उजव्या बाजूला. बाहेरच्या माराने होतो तसा नाही. कानशिलाची जखम वरवरची, पडताना झालेली. कालपासूनच थोडं झिरपत असावं. आणि मॉरा, तू उजव्या तळहाताचं विचारलं होतंस. डांबर आहे. बोटांच्या घड्यांतसुद्धा. दोरी एकदा ओढून असं होत नाही."

"तो किती वेळ जिवंत होता?"

"बराच. माफ कर."

मॉरा उंचवट्यावर उभी राहिली. तिला आता सगळं दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. मर्डोने होल संपवला, रोजच्यासारखी घंटा वाजवली आणि तो पडला. ओरडण्याइतका आवाज निघेना. दोरी हाताशी होती आणि उजवा हात चालत होता. त्याने घंटा वाजवली. कुणी आलं नाही. ताकद गोळा करून त्याने पुन्हा वाजवली.

मदतीसाठी वाजवलेल्या त्या घंटेचा अर्थ क्रेगलार्नमध्ये प्रत्येकाला पाठ होता. वाट मोकळी आहे. सगळं ठीक आहे.

६

केनीला तिने वाटेत सांगितलं. त्याने टोपी काढली, हातात धरली आणि झाडांत परत गेला.

मग ती वॉटीला घेऊन नेटीकडे आली. तो उंबऱ्यात अडला. नेटीने त्याच्याकडे न बघता खुर्ची ओढली. "बस. दारात उभा राहून थंडी आत घेऊ नकोस."

मॉराने आधी चेंडूबद्दल सांगितलं. खोक, उतार, डॉक्टरचा फोन. तिथे थांबता आलं असतं. वॉटीचे खांदे खाली आले होते, नेटीने डोळे मिटले होते. मॉराने तसं एकदा मनात आणलंही. पण केनीने ऐकलेली घंटा आणि नेटीने ऐकलेली घंटा उद्या कबरस्तानात एकमेकींना भेटल्या असत्या, आणि मग हे दोघं एकटे पडले असते.

तिने बाकीचंही सांगितलं.

ओढ्याचा आवाज खिडकीतून येत होता.

"मी लापशी चढवली," नेटी म्हणाली. "मधलीही ऐकली असणार मी. चमचा फिरवत होते. ऐकलीच असणार."

"मी ऐकली," वॉटी म्हणाला.

मॉराने त्याच्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या ग्रीनवर तो नुसता उभा होता, हे केनीने सांगितलं तेव्हापासून.

"दुसऱ्यावर होतो. मला वाटलं, आत्ता कुठे चौथ्यावर पोचलाय. मुद्दाम रेंगाळतोय. मी गाठावं आणि माफी मागावी म्हणून. मग म्हटलं, बघू कोण आधी दमतं. चौथऱ्यावर ती पुन्हा वाजली, तेव्हा वाटलं, कंटाळून निघाला एकदाचा." त्याचा आवाज फुटला. "मीही रेंगाळलो, नेटी. तो तिथे दोरी ओढत होता आणि मी उभा राहिलो. धावलो असतो तर?" तो मॉराकडे वळला. "सांग ना. तुला कळतं सगळं. धावलो असतो तर वाचला असता?"

"मला माहीत नाही, वॉटी."

"नाही म्हण."

"मला खरंच माहीत नाही."

नेटी त्याच्यासमोर बसली. टेबलावर दोघांचे हात होते, मध्ये साखरेचं भांडं.

"तू पोचलास तेव्हा तो होता?" तिने विचारलं.

वॉटीने मान डोलावली. "होता. थोडाच वेळ. हे मी कुणाला बोललो नाही."

"तुला ओळखलं?"

"माझ्याकडेच बघत होता. बोलता येत नव्हतं. जीभ जड झाली होती."

"आणि तू काय बोललास?"

"मी काय बोलणार? मला वाटत होतं मीच त्याला मारलं. माफी मागत राहिलो. चुकलं माझं मर्डो, चुकलं, चुकलं. तेवढंच. दुसरं काही सुचलंच नाही."

नेटीने डोळ्यांवर हात धरला. ती रडते आहे असं मॉराला वाटलं, आणि ती रडतही होती, पण बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता.

"अरे वेड्या, चेंडूचं त्याला काय माहीत? तो कुठे पडला हे त्याने पाहिलं सुद्धा नसेल. तुझी माफी कशाची, असं वाटलं असेल त्याला?"

वॉटी तिच्याकडे बघत राहिला. समजायला त्याला वेळ लागला.

"रात्रभर तेवढ्यासाठी जागा होता तो," ती म्हणाली. "मिळालं त्याला. कसं का असेना."

मॉरा उठून खिडकीपाशी गेली. मागे सुताराचे जाड, नीट न जमणारे हुंदके ऐकू येत होते. बाहेर तिन्हीसांज झाली होती आणि लार्चचे काटे अजून पडत होते.

थोड्या वेळाने नेटीने नाक पुसलं. "उद्या पेटी कबरीत उतरवताना डोक्याकडची दोरी मुलाने धरायची असते. आम्हाला नाही मूल. तू धर."

"मी? गाव काय म्हणेल?"

"गाव केक खायला येणार आहे, म्हणेल ते म्हणेल. काळा टाय आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"इस्त्रीचा?"

वॉटीने मान हलवली, नाही.

"मग जा, घेऊन ये इकडे."